पालकांचे प्रश्न : घरी शिकणारी मुले आणि ऑनलाइन लेखनवर्ग

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या पालकांची बरीच पत्रे अलीकडे या सदराकडे आली आहेत. त्यांतील बहुतेकांचे म्हणणे असे, की गणित आणि विज्ञान आम्ही निभावून नेतो, पण लिहायला शिकवणे आमच्याच्याने होत नाही. तेव्हा एखादा ऑनलाइन वर्ग सुचवा. शाळेत गेलेले मूल आपोआप लिहायला शिकते, असा समज या विनंतीमागे दिसतो. प्रत्यक्षात शाळेतही पुष्कळदा फळ्यावरचे उत्तर वहीत उतरवणे यालाच लेखन म्हटले जाते. म्हणून आपले मूल मागे पडत आहे या भीतीपोटी घाईने वर्ग लावू नये, एवढे आरंभीच सांगते.

काहींनी कायद्याविषयीही विचारले आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १० मध्ये सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य म्हटले आहे. मात्र ते न पाळणाऱ्या पालकांना दंड वा शिक्षा त्या कायद्यात सांगितलेली नाही. होमस्कूलिंगला स्पष्ट मान्यता नाही आणि त्याबद्दल शिक्षाही नाही, अशा स्थितीत आपल्याकडची ही कुटुंबे आपला मार्ग शोधत आहेत. आता पत्रांकडे वळू.

प्रश्न : आदरणीय ताई, आमचा मुलगा नऊ वर्षांचा असून तो कधीच शाळेत गेलेला नाही. तो भरपूर वाचतो आणि तासन्‌तास गोष्टी रचून सांगतो. परंतु वही पुढे केली की दोन ओळींच्या पलीकडे जात नाही. त्याला एका ऑनलाइन सर्जनशील लेखनाच्या वर्गात घातले. तिथे प्रत्येक तासाला एक विषय आणि लिहायला वीस मिनिटे देतात. आता तो वर्ग सुरू झाला की कॅमेरा बंद करून बसून राहतो. वर्ग बदलावा, की थोडी सक्ती करावी? — एक आई, पुणे

उत्तर : सक्ती करू नका आणि तूर्त दुसरा वर्गही शोधू नका. लिहिणे या एका नावाखाली मुलाला दोन निराळी कामे एकाच वेळी करावी लागतात. काय सांगायचे ते सुचणे, त्याचा क्रम लावणे आणि ऐकणाऱ्याला कळेल असे वाक्य बांधणे हे पहिले काम. ते आपल्या मुलाला उत्तम येते, हे आपल्याच पत्रावरून दिसते. दुसरे काम हाताचे आहे. देवनागरीत ते वाटते तितके सोपे नाही : ‘कि’ मधली वेलांटी उच्चारात मागून येते पण कागदावर आधी काढावी लागते, ‘सूर्य’ मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो, जोडाक्षरात कोणते अक्षर अर्धे करायचे ते आठवावे लागते आणि शिवाय ऱ्हस्व-दीर्घ असतेच. नऊ वर्षांच्या मुलाचे सगळे लक्ष या दुसऱ्या कामात खर्च होते आणि मनात तयार असलेली गोष्ट विरून जाते. वीस मिनिटांचे घड्याळ लावणारा वर्ग ही दोन्ही कामे एकदम मागतो, त्यामुळे मूल कॅमेरा बंद करते. मला तरी त्यात हट्टीपणा दिसत नाही.

काही महिने ही दोन कामे वेगळी ठेवा. त्याने गोष्ट सांगावी आणि आपण ती कागदावर उतरवून घ्यावी. उतरवताना त्याचे शब्द बदलू नका. ‘मग’, ‘मग’ असे दहा वेळा आले तरी येऊ द्या. नंतर ती त्याला वाचून दाखवा. आपलीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मुलांना त्यातले खड्डे बरोबर ऐकू येतात, आणि ‘इथे तो घरी कसा आला ते राहिलंच’ असे ती स्वतःहून सांगतात. ती दुरुस्ती त्याच्या सांगण्याप्रमाणे करा. शेवटी त्या गोष्टीतली तीन-चार वाक्ये, त्याला आवडतील ती, त्याने स्वतःच्या अक्षरात लिहावीत. पुढे तीन-चारांची सहा-सात होतील, आणि एखाद्या दिवशी आपल्याला बोलावण्याआधीच तो लिहायला बसलेला दिसेल. हाताच्या सरावासाठी रोज पाच-सात मिनिटांचे श्रुतलेखन वेगळ्या वेळी ठेवा. त्याची गोष्टीशी गल्लत करू नका.

आईने लिहून दिले म्हणजे ते मुलाचे लेखन कसे, अशी शंका कोणी घेतील. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या घरच्या मंडळींनी ऐकून उतरवून ठेवल्या आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, त्या पुस्तकरूपाने आल्या. त्या कविता कोणाच्या, हा प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही. फोनवर बोलून मजकूर टाइप करण्याची सोय आता मराठीतही आहे, पण या वयात मी ती सुचवणार नाही, कारण यंत्र विरामचिन्हे गाळते, नावे चुकवते आणि मुख्य म्हणजे गोष्ट ऐकताना हसत नाही.

पुढे वर्ग लावायचाच झाल्यास लिहिण्यापूर्वी मुलांना बोलू देणारा आणि आरंभी ध्वनिमुद्रित गोष्टही स्वीकारणारा वर्ग पाहा. मात्र हात लवकर दुखणे, अक्षरे उलटी पडणे किंवा सोपे शब्द पुन्हा पुन्हा चुकणे अशी लक्षणे सरावानंतरही तशीच राहिली, तर लेखन-अक्षमतेची तपासणी बालविकासतज्ज्ञाकडून करून घ्या. अशा वेळी कोणताही वर्ग हा उपाय नव्हे.

प्रश्न : महोदया, माझ्या दोन्ही मुलींसाठी इंग्रजी लेखनाचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम पाहिला. वर्षाचे शुल्क एकदम भरावे लागते किंवा हप्ते बांधून मिळतात. वर्षाअखेरीस प्रत्येक मुलाचे पुस्तक आयएसबीएन क्रमांकासह प्रकाशित करून देण्याचे आश्वासन आहे. नमुन्याचा तास फार आकर्षक होता. अशा वर्गाची पारख कशी करावी? — एक वडील, नाशिक

उत्तर : नमुन्याच्या तासावरून वर्गाची पारख होत नाही, तो तास पालकांसाठी असतो. आपण फक्त एक गोष्ट विचारा : माझ्या मुलीने लिहिलेला मजकूर कोण वाचणार, तो किती दिवसांनी परत येणार आणि त्यावर काय लिहिलेले असणार? मग एखाद्या जुन्या विद्यार्थ्याचा तपासून परत दिलेला कागद, नाव झाकून, पाहायला मागा. त्यावर ‘व्हेरी गुड, कीप इट अप’ आणि एक हसरा चेहरा एवढेच असेल, तर तो वर्ग कितीही नामांकित असो, तिथे लेखन शिकवले जात नाही. त्याउलट ‘आजोबा रागावले असे तू लिहिले आहेस, रागावल्यावर ते काय करतात ते सांगशील का?’ अशा एका प्रश्नाने मुलगी पुन्हा लिहायला बसते. चांगला शिक्षक एका खेपेला एक-दोनच गोष्टी दाखवतो आणि सगळ्या चुका एकदम रंगवून ठेवत नाही.

यातूनच दुसरा प्रश्न निघतो. मुले एकच लेख पुन्हा लिहितात का? वर्षभरात चाळीस विषयांवर चाळीस निबंध लिहून घेणारा वर्ग भरगच्च वाटतो, परंतु प्रत्येक निबंध एकदाच लिहायचा आणि विसरायचा असेल, तर मूल चाळीस वेळा तेच लिहिते. सहा लेख लिहून त्यांतला प्रत्येक दोनदा-तीनदा सुधारणारे मूल पुष्कळ पुढे जाते. एका शिक्षकाकडे किती मुले आहेत, हे विचारण्याचे कारणही हेच. तास घेताना तीस मुले चालतात; तीस कच्चे खर्डे दर आठवड्याला नीट वाचणे मात्र कोणाला झेपत नाही.

व्याकरणाच्या कार्यपुस्तिकांवर भर असलेला वर्ग पालकांना भरवशाचा वाटतो, कारण त्यात गुण मोजता येतात. लेखन शिकवण्याच्या पद्धतींविषयी झालेल्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा अमेरिकेतल्या कार्नेगी प्रतिष्ठानासाठी २००७ मध्ये घेण्यात आला, तो चौथीपासून बारावीपर्यंतच्या मुलांविषयी होता. लेखनाची आखणी आणि फेरलेखन करण्याच्या रीती शिकवणे, वाचलेल्याचा सारांश लिहून घेणे आणि लहान वाक्ये जोडून मोठे वाक्य करण्याचा सराव देणे यांचा उपयोग होतो, असे त्यात दिसले. सुट्या व्याकरणाच्या पाठांनी मुलांचे लेखन सुधारल्याचे दिसले नाही. व्याकरण शिकवूच नये असा याचा अर्थ नाही. ते मुलांच्या स्वतःच्या वाक्यांवर शिकवावे.

आता त्या पुस्तकाविषयी. भारतात आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेमार्फत विनामूल्य मिळतो आणि तो पुस्तक ओळखण्याचा केवळ एक क्रमांक असतो; पुस्तकाच्या गुणवत्तेशी त्याचा काहीही संबंध नाही. दहा वर्षांच्या मुलीला ‘लेखिका’ म्हणून मिरवण्याची हौस मला व्यक्तिशः रुचत नाही, पण ती हौस असेलच तर जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तिच्या गोष्टींच्या वीस प्रती काढून बांधून घ्या आणि नातेवाइकांना वाटा. वाचक तेच असतील आणि खर्च पुष्कळ कमी होईल.

पैशांच्या बाबतीत सावध राहा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ऑनलाइन शिक्षण देणाऱ्या कंपन्यांविषयी पालकांसाठी सूचना काढली होती. बँक खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याची संमती देऊ नये, असा इशारा तीत होता. हप्ते बांधून देण्याच्या नावाखाली पुष्कळदा आपल्या नावावर कर्ज काढलेले असते आणि वर्ग सोडला तरी ते फेडावे लागते. महिन्याचे वा तिमाहीचे शुल्क घेणारा वर्ग पसंत करा, शुल्क परत मिळण्याच्या अटी लेखी घ्या आणि वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तासांचे चित्रीकरण होते का, ते कोठे ठेवले जाते आणि जाहिरातीत वापरले जाते का, हेही विचारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील सर्वांना मूल मानले असून त्यांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याचे तत्त्व त्यात आहे.

प्रश्न : ताई, आमची अकरा वर्षांची मुलगी घरीच शिकते. मराठी लेखनासाठी तिला शहरातल्या एका बाईंचा ऑनलाइन वर्ग लावला आहे. तिने आजीवर एक गोष्ट लिहिली. तिच्यात ‘आवशीन माका सांगल्यान’ अशी वाक्ये होती. बाईंनी ती सगळी लाल करून ‘अशुद्ध’ असा शेरा दिला. मुलगी आता म्हणते, की माझी गोष्टच चुकीची आहे. बाई अनुभवी आहेत आणि परीक्षेला प्रमाण मराठीच लागणार, हेही आम्हाला कळते. काय करावे? — आई-वडील, कुडाळ

उत्तर : ‘अशुद्ध’ हा शेरा मला मान्य नाही, परंतु बाईंचा वर्ग लगेच सोडावा असेही मी म्हणणार नाही. आजीच्या तोंडी मालवणी नसेल तर काय असावे? कुडाळच्या आजीने पुण्याच्या वर्तमानपत्रासारखे बोलावे, अशी अपेक्षा असेल तर ती गोष्ट खोटी होईल. मुलीला पहिल्यांदा हे सांगा, की तिचा कान चांगला आहे. माणूस जसा बोलतो तसा कागदावर उतरवणे पुष्कळ मोठ्यांना साधत नाही.

त्यानंतर दुसरी बाजू तिच्यापुढे ठेवा. गोष्टीत बोलणारी आजी असते आणि सांगणारी नातही असते. आजीचे बोलणे अवतरणचिन्हांत मालवणीत राहू द्यावे. निवेदन कोणत्या भाषेत करायचे, हे मात्र गोष्ट कोणासाठी आहे त्यावर ठरवावे. तिला एक प्रयोग करायला सांगा. गावात घडलेली एकच घटना, समजा पहिल्याच पावसात शेजारचा साकव वाहून गेला, ती तीन प्रकारे लिहायची : मुंबईच्या मावसबहिणीला पत्र म्हणून, आजीने सांगितलेली हकिगत म्हणून आणि ग्रामपंचायतीला द्यायचा अर्ज म्हणून. पहिल्या दोहोंत मालवणी कितीही येवो. तिसऱ्यात ‘विनंती करण्यात येते की’ असे येणारच. तिन्ही कागद शेजारी ठेवले, की प्रमाण मराठी तिला घरच्या बोलीची शत्रू वाटणार नाही. अर्जाला जसा वेगळा कागद लागतो तशी वेगळी भाषाही लागते, हे तिला आपोआप कळेल, आणि ते बाईंच्या लाल शाईने कळले नसते.

प्रमाणलेखनाची तयारी टाळू नका. मराठीचे लेखनविषयक नियम मोजके आहेत : साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली आणि एकूण अठरा झाले. अकरा वर्षांच्या मुलीला त्यांतले तीन-चार एका वेळी पुरे होतात. तिच्याच लेखनात वारंवार होणारी एक चूक निवडा, उदाहरणार्थ ‘आणी’ किंवा शेवटचा इकार ऱ्हस्व लिहिणे, आणि महिनाभर तेवढ्याच एका चुकीकडे पाहा.

राहता राहिला बाईंचा प्रश्न. त्यांना दोन ओळींचा निरोप पाठवा, की संवादांतली मालवणी मुलीने समजून-उमजून वापरली आहे, ती तशीच ठेवून निवेदनातल्या चुका तेवढ्या दाखवाव्यात. शिक्षिका अनुभवी असेल तर ती हे आनंदाने करील. तरीही त्या सगळेच लाल करत राहिल्या, तर मग वर्ग बदला.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात राहतो आणि आठ व बारा वर्षांच्या दोन मुलांना घरी शिकवतो. इंग्रजी लेखनासाठी इथलाच एक ऑनलाइन वर्ग आहे. मराठी लेखनासाठी पुण्यातील शिक्षिका शनिवारी शिकवतात. इंग्रजी वर्गाच्या नोंदी कशा ठेवाव्यात आणि मराठीचा भार मुलांना वाटू नये यासाठी काय करावे? — एक आई, पिट्सबर्ग

उत्तर : आपल्या राज्याचा कायदा शेजारच्या न्यू जर्सीपेक्षा बराच काटेकोर आहे. न्यू जर्सीत घरी शिकवणाऱ्या पालकांना कोणाला कळवावेही लागत नाही. पेन्सिल्व्हेनियात मात्र दरवर्षी १ ऑगस्टपर्यंत प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, वर्षभराच्या कामाचा संग्रह पात्र मूल्यमापकाला दाखवावा लागतो आणि त्याचे प्रमाणपत्र ३० जूनपर्यंत शाळा-जिल्ह्याच्या अधीक्षकांकडे पोचावे लागते. तिसरी, पाचवी आणि आठवीच्या पातळीवर प्रमाणित चाचण्याही आहेत. २०१४ मधल्या दुरुस्तीनंतर संग्रह अधीक्षकांकडे पाठवावा लागत नाही, पण तो मूल्यमापकाला पाहायचा असल्याने तयार करावाच लागतो, आणि त्यात मुलांच्या लेखनाचे नमुने असावेत असे कायद्यातच म्हटले आहे.

येथे बहुतेक पालक फक्त सुबक अंतिम प्रती ठेवतात. माझा सल्ला असा, की सप्टेंबर, जानेवारी आणि मे अशा तीन टप्प्यांवर एकेका लेखाचा कच्चा खर्डा, त्यावरचा शिक्षकाचा अभिप्राय आणि सुधारलेली प्रत असे तिन्ही कागद तारखेसह एकत्र ठेवावेत. वर्षभरातली प्रगती मूल्यमापकाला त्यातून दाखवावी लागत नाही, ती दिसते. ऑनलाइन वर्गांतले अभिप्राय पुष्कळदा त्यांच्याच संकेतस्थळावर राहतात आणि सत्र संपल्यावर उघडत नाहीत. म्हणून ते वेळीच उतरवून छापून ठेवा.

मराठीविषयी पहिली विनंती : ते रोमन लिपीत लिहू देऊ नका. रोमन लिपीत ‘त’ आणि ‘ट’, ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’ सगळे एक होऊन बसतात, आणि परदेशात वाढणाऱ्या मुलांना नेमका हाच भेद कानाला अवघड जातो; लिपीने तो जपला तर उच्चारालाही आधार मिळतो. धाकट्याने हाताने लिहावे, थोरल्याने हाताने आणि कळफलकावरही. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. संगणकावरचे अनेक देवनागरी टंक हिंदी वळणाचे असतात आणि त्यांत ‘ल’ व ‘श’ यांची आकृती वेगळी दिसते. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हे मराठी वळण महाराष्ट्र शासनाच्या २००९ आणि २०२२ च्या निर्णयांत निश्चित केलेले आहे. मुलाने पडद्यावर एक आकार पाहिला आणि शिक्षिकेने फळ्यावर दुसरा काढला, तर त्याचा गोंधळ होतो. शिक्षिकेला विचारून एकच टंक ठरवून घ्या. वेळेचेही असेच आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आपली घड्याळे बदलतात, पुण्याची बदलत नाहीत, आणि अंतर उन्हाळ्यात साडेनऊ तर हिवाळ्यात साडेदहा तासांचे होते. दोन्ही तारखा शिक्षिकेला आधीच कळवल्या, तर वर्षातले दोन तास बुडणार नाहीत.

भार वाटू नये यासाठी विषय बदलणे आवश्यक आहे. पिट्सबर्गमध्ये वाढणाऱ्या मुलाला ‘माझा आवडता ऋतू : पावसाळा’ हा निबंध लिहायला लावणे म्हणजे त्याच्याकडून आपली आठवण लिहून घेणे होय. त्याने गॅरेजसमोरचा बर्फ उपसण्याविषयी मराठीत लिहावे. त्यासाठी शब्द कमी पडले तर आजोबांना व्हिडिओ कॉलवर विचारावेत. वाचनासाठी बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत, त्यांचा उपयोग होईल. आणि इंग्रजी वर्गात लिहिलेल्या निबंधाचा मराठी अनुवाद गृहपाठ म्हणून देऊ नका. मुले तो नाइलाजाने करतात आणि त्यातले मराठी वाक्य इंग्रजीच्या चालीने चालू लागते.

प्रश्न : आमची मुलगी तेरा वर्षांची आहे. पुढे मुक्त विद्यालयातून दहावी करावी की केंब्रिजची आयजीसीएसई परीक्षा द्यावी, हे ठरलेले नाही. लेखनवर्ग परीक्षेच्या दृष्टीने आत्ताच लावावा का? — एक पालक, कोल्हापूर

उत्तर : परीक्षा ठरल्यावरच परीक्षेचा वर्ग लावावा, कारण या दोन परीक्षा लेखनाकडे निरनिराळ्या दृष्टीने पाहतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या दहावीसाठी वयाची चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात, पाच विषयांत उत्तीर्ण व्हावे लागते आणि त्यांत मराठी ही भाषा घेता येते. नोंदणी पाच वर्षे टिकते आणि त्या काळात नऊ वेळा परीक्षेला बसता येते, म्हणून घाईचे कारण नाही. तिथे घरी लिहून द्यायच्या कामाला २० टक्के भार असतो. पत्र, सारांश आणि निबंध यांचा नेमका सराव पुरतो, आणि त्यासाठी वेगळ्या महागड्या वर्गाची गरज मला वाटत नाही.

केंब्रिजच्या प्रथम भाषा इंग्रजी या विषयाच्या सध्याच्या अभ्यासक्रमात लेखनाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका दोन तासांची आणि ८० गुणांची आहे. दिलेले उतारे वाचून त्यांच्या आधारे भाषण, पत्र किंवा लेख लिहायचा, आणि दुसऱ्या भागात वर्णन किंवा कथा ३५० ते ४५० शब्दांत लिहायची, असे तिचे स्वरूप आहे. वर्षभर सवडीने लिहिलेल्या कामाच्या संग्रहाचा पर्याय खासगी विद्यार्थ्यांना मिळत नाही, त्यामुळे घरी शिकणाऱ्या मुलीला वेळेत लिहिण्याची सवय करावीच लागते; पण ती सवय शेवटच्या वर्षात होते. खासगी विद्यार्थी स्वीकारणारे परीक्षा केंद्र आधी शोधा, वर्ग नंतर. महाराष्ट्र मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसण्याचा मार्गही आपल्या यादीत असू द्या.

प्रश्न : मुलगा चौदा वर्षांचा आहे. ऑनलाइन वर्गाचे लेख तो चॅटजीपीटीकडून लिहून घेतो, असा मला संशय आहे. शिक्षकांच्या लक्षात आलेले नाही. — एक आई, ठाणे

उत्तर : शिक्षकांच्या लक्षात आले नसेल तर ते त्याचे लेखन वाचत नाहीत, ही माझी पहिली शंका. आपल्या विद्यार्थ्याची वाक्ये ओळखणाऱ्या शिक्षकाला फरक लगेच जाणवतो. लेख यंत्राने लिहिला की माणसाने, हे ठरवण्याचा दावा करणारी साधने बेभरवशाची असतात. त्यांच्या निकालावरून मुलावर आरोप करू नका. त्याऐवजी लेखाविषयी त्याच्याशी बोला. हा परिच्छेद आधी का घेतला, हे उदाहरण कुठून सुचले, असे विचारल्यावर स्वतः लिहिलेला मुलगा वाद घालतो आणि न लिहिलेला गप्प बसतो. वर्गात पहिला खर्डा हाताने, तासातच लिहून घेण्याची विनंती शिक्षकांना करा. विषय ‘प्रदूषण : एक समस्या’ असा असेल तर मुलाने यंत्राची मदत घेतली याचे मला फारसे नवल वाटणार नाही. ‘आपल्या सोसायटीत पाण्याच्या टँकरवरून झालेले भांडण’ हा विषय त्याला यंत्राकडून लिहून घेता येणार नाही.

प्रश्न : मी निवृत्त मराठी शिक्षक आहे. माझी नातवंडे बंगळुरूमध्ये घरी शिकतात. त्यांच्याबरोबर त्यांच्या ओळखीच्या आणखी तीन-चार मराठी मुलांना मी ऑनलाइन लेखन शिकवू शकेन का? मला संगणकाची फारशी सवय नाही. — एक आजोबा, सातारा

उत्तर : अवश्य शिकवा. पाच-सहा मुले ही अशा वर्गासाठी उत्तम संख्या आहे. संगणकाची सवय लागते ती फारच थोडी. व्हिडिओ कॉल जोडून देण्याचे काम नातवंडे करतील, आणि मुलांच्या पानांचे फोटो व्हॉट्‌सॲपवर येतील. त्यांची छापील प्रत काढून आपण नेहमीप्रमाणे पेनाने तपासावी आणि तिचा फोटो परत पाठवावा. फक्त शाळेतली सवय थोडी बदलावी लागेल : प्रत्येक चुकीवर खूण करण्याआधी कागदाच्या तळाशी मजकुराविषयी एक प्रश्न लिहा, आणि त्याचे उत्तर मुलाने पुढच्या खर्ड्यात द्यावे असे सांगा.

तास पाऊण तासाहून मोठा ठेवू नका. पहिली पंधरा मिनिटे मुलांनी आपले लेखन एकमेकांना वाचून दाखवावे, कारण घरी शिकणाऱ्या मुलांना समवयस्क वाचक क्वचित मिळतात. इतर कुटुंबांकडून शुल्क घ्यावे की नाही, हे आपण ठरवा. माझे मत घ्यावे असे आहे, थोडे का होईना, कारण फुकटच्या तासाला मुले उशिरा येतात आणि पालक तो सहज रद्द करतात. बंगळुरूची मुले बोलताना कन्नड आणि इंग्रजी शब्द मिसळतील. पहिले दोन महिने ते तसेच लिहू द्या.